मूडलच्या फाइली सर्व्हरवर नेमक्या कुठे राहतात, कशा शोधायच्या आणि कशा हलवायच्या

जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत मूडल (अभ्यासक्रम, स्वाध्याय, चाचण्या ऑनलाइन चालवण्याची प्रणाली) सांभाळणारी व्यक्ती बहुधा पूर्णवेळ सर्व्हरवाली नसते. संगणकशास्त्राचे एखादे सर किंवा मॅडम, नाहीतर प्रयोगशाळा सहायक तास आणि प्रात्यक्षिकं सांभाळून हे काम बघतात. साइट नीट चालते तोवर आत डोकावायची वेळ येत नाही. मग एक दिवस डिस्क भरते, होस्टिंग बदलायचं ठरतं किंवा नॅकच्या तोंडावर मागच्या वर्षीचे स्वाध्याय पुराव्यादाखल हवे असतात. फाइल मॅनेजर उघडला तर विद्यार्थ्याच्या नावाची एकही पीडीएफ दिसत नाही. दिसतात ती दोन-दोन अक्षरांची शेकडो फोल्डरं.

फाइली हरवलेल्या नसतात. मूडल त्या ठेवतंच तशा. ही रचना एकदा कळली की जागा कमी पडणं, चुकून खोडलेली फाइल, सर्व्हर बदलणं ही तिन्ही कामं आवाक्यात येतात.

एक सूचना आधीच: या लेखात फाइल-फोल्डरांची नावं देवनागरीत दिली आहेत. सर्व्हरवर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता असतात; काहींत दोन शब्दांमध्ये अंडरस्कोअर असतो.

तीन जागा, आणि तिघी मिळून एक साइट

मूडलची कोणतीही साइट तीन भागांची असते. पहिला भाग कोडचं फोल्डर. ते पीएचपीत लिहिलेलं आहे, सगळ्यांचं सारखंच असतं आणि केव्हाही पुन्हा उतरवून घेता येतं. दुसरा डेटाबेस: विद्यार्थी, गुण, प्रश्न, चर्चेतला मजकूर आणि प्रत्येक फाइलची नोंद. तिसरा मूडलडेटा नावाचं फोल्डर, ज्यात फाइलींचा खरा ऐवज असतो.

कोड गेला तर अर्ध्या तासात परत आणता येतो. डेटाबेस किंवा मूडलडेटा यांतलं एक जरी गेलं तरी उरलेलं जवळपास निरुपयोगी ठरतं. बॅकअप म्हणून फक्त पब्लिक एचटीएमएल (वेबवरून उघडणारं, कोड असलेलं) फोल्डरची झिप करून पेन ड्राइव्हवर ठेवली असेल, तर ज्याची खरी गरज पडणार ते त्यात नाही.

सुरुवात कॉन्फिगपासून

अनोळखी साइट हाती आली की सगळ्यात आधी कॉन्फिग.पीएचपी उघडावी. ती कोडच्या फोल्डरात सगळ्यात वर असते आणि लहानशीच असते. त्यातल्या चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या: डीबीनेम म्हणजे डेटाबेसचं नाव, प्रीफिक्स (बहुधा एमडीएल_), डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूरूट म्हणजे साइटचा पत्ता, आणि डेटारूट म्हणजे मूडलडेटाचा पूर्ण मार्ग. मूडलडेटा कुठे आहे याचा अंदाज बांधत बसू नका. त्याचं नाव काहीही असू शकतं, डेटारूट सांगेल तेच खरं.

ही फाइल संपादित करताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ राहते. एसएसएल बसवल्यावर पत्त्यात एचटीटीपी तसंच राहतं, मग साइट स्वतःकडेच वळत राहते किंवा पानं विस्कटतात. तिसरी चूक पटकन सापडत नाही: विंडोजच्या साध्या एडिटरमध्ये फाइल जतन केली की कधी सुरुवातीला बॉम नावाची अदृश्य अक्षरं घुसतात, कधी पीएचपीच्या खुणेआधी रिकामी ओळ राहते. ही अक्षरं प्रत्येक डाउनलोडच्या आधी चिकटतात. पानं उघडतात, पण चित्रं तुटकी दिसतात आणि पीडीएफ खराब असल्याचा संदेश येतो. नोटपॅड प्लस प्लसमध्ये एन्कोडिंग ‘यूटीएफ-८, बॉमशिवाय’ ठेवलं की हा त्रास जातो.

कॉन्फिगमध्ये डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिलेला असतो. या फाइलचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मदत मागू नये.

कोडचं फोल्डर: काय बघायचं, कशाला हात लावायचा नाही

मूडलची १.० आवृत्ती २००२ साली आली. मार्टिन डुगियामस यांनी ऑस्ट्रेलियात सुरू केलेलं हे काम जीपीएल परवान्याखाली खुलं आहे, त्यामुळे प्रत्येक फाइल वाचता येते. बदल मात्र मूळ फाइलींत करू नयेत. पुढच्या अपडेटमध्ये ते पुसले जातात.

मॉड फोल्डरात अभ्यासक्रमातल्या कृती असतात. असाइन म्हणजे स्वाध्याय, क्विझ म्हणजे चाचणी, रिसोर्स म्हणजे एकटी फाइल, फोल्डर म्हणजे फाइलींचा गठ्ठा. थीममध्ये रूपरंग, ब्लॉक्समध्ये बाजूचे चौकोन, ऑथमध्ये लॉगिनचे प्रकार, एनरोलमध्ये नावनोंदणीचे प्रकार. ॲडमिनच्या आत सीएलआय नावाचं फोल्डर आहे. वेब बंद पडलं तरी कमांड लाइनवरून चालणारी साधनं त्यात असतात: मेंटेनन्स, पर्ज कॅशेस, अपग्रेड, रीसेट पासवर्ड, क्रॉन (ठरावीक वेळाने आपोआप चालणारी कामं). ॲडमिनचा पासवर्ड विसरला तर डेटाबेसमध्ये हाताने खाडाखोड करण्याची गरज नाही, रीसेट पासवर्डची फाइल पीएचपीने चालवली की काम होतं.

बाहेरून उतरवलेलं प्लगिन (मूडलला जोडायची जादा सोय) बसत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा फोल्डरचं नाव असतं. गिटहबवरून घेतलेली झिप उलगडली की नावामागे मास्टर किंवा मेन असं शेपूट येतं. मूडलला फोल्डराचं नाव प्लगिनच्या नावाशी तंतोतंत जुळलेलं लागतं. प्लगिनमधली व्हर्जन.पीएचपी उघडा. त्यात कॉम्पोनंट म्हणून मॉड_अमुक लिहिलं असेल तर मॉडच्या आत ‘अमुक’ एवढंच नाव ठेवा.

५.१ आवृत्तीपासून एक मोठा बदल झाला आहे. ब्राउझरला लागणारं बहुतेक सगळं, म्हणजे मॉड, थीम, ब्लॉक्स हे पब्लिक नावाच्या नव्या उपफोल्डरात गेलं, आणि कॉन्फिग.पीएचपी त्याच्या बाहेर, वरच्याच पातळीवर राहिली. अपग्रेड करताना वेब सर्व्हरचं मूळ फोल्डर पब्लिककडे वळवावं लागतं. प्लगिनही आता पब्लिकच्या आत जातात. जुने यूट्यूब व्हिडिओ बघून काम करणाऱ्यांची गाडी इथेच अडते.

भाषेच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोडमधल्या लँग फोल्डरात फक्त इंग्रजी असते. मराठी भाषासंच बसवला की तो मूडलडेटातल्या लँगमध्ये, एमआर नावाने जातो. मराठीतले शब्द आपल्या सोयीने बदलले, उदाहरणार्थ ‘असाइनमेंट’चं ‘स्वाध्याय’ केलं, तर ते बदल एमआर_लोकल या वेगळ्या फोल्डरात राहतात. अपडेटने ते जात नाहीत, पण सर्व्हर बदलताना ते फोल्डर न्यायचं राहून गेलं तर जातात.

मूडलडेटाच्या आत

मूडलडेटा वेबवरून उघडता येणाऱ्या फोल्डराच्या बाहेरच असला पाहिजे. सीपॅनलवर (होस्टिंगच्या नियंत्रण पानावर) तो पब्लिक एचटीएमएलच्या शेजारी ठेवतात. आत ठेवला तर पत्ता माहीत असलेला कोणीही लॉगिन न करता फाइली उतरवू शकतो, आणि त्यात विद्यार्थ्यांची कागदपत्रंही येतात.

आतली फोल्डरं सारख्या मोलाची नाहीत. फाइलडिर हे हृदय, सगळ्या फाइली तिथे. लँग आणि रिपॉझिटरी (वापरत असाल तर) जपायची. कॅश, लोकलकॅश, टेम्प ही मूडल पुन्हा तयार करतं. सेशन्स पुसलं तर सगळे लॉगआउट होतात, बाकी नुकसान नाही. परीक्षा चालू असताना मात्र त्याला हात लावू नये. ट्रॅशडिर म्हणजे कचरापेटी. त्याबद्दल पुढे.

फाइलडिरमधली नावं कशी ठरतात? फाइल चढवली की मूडल तिच्या मजकुरावरून एसएचए-१ पद्धतीने ४० अक्षरांचा ठसा काढतं आणि त्या ठशालाच फाइलचं नाव करतं. ठसा ०८१३ ने सुरू होत असेल तर फाइलडिरमध्ये ०८, त्यात १३, आणि त्यात पूर्ण ४० अक्षरांच्या नावाची फाइल. पुढे पीडीएफ किंवा जेपीजी असं काहीही नसतं. आपल्याकडच्या जिनिंग-प्रेसिंगच्या गोदामात कापसाच्या गाठीवर नंबर असतो आणि माल कोणाचा, कोणत्या लॉटचा हे वहीत सापडतं, तसंच हे आहे. वही म्हणजे डेटाबेसमधलं फाइल्स नावाचं टेबल.

या पद्धतीचे तीन परिणाम रोजच्या कामात दिसतात.

एकच अभ्यासक्रमपत्रिका १२ शिक्षकांनी आपापल्या अभ्यासक्रमात चढवली तरी डिस्कवर ती एकदाच राहते, कारण ठसा एकच. टेबलात नोंदी मात्र १२ असतात.

फाइलचं नाव ‘केळी ठिबक सिंचन.पीडीएफ’ असं देवनागरीत असलं तरी डिस्कवर अडचण येत नाही, कारण ते नाव फक्त डेटाबेसमध्ये असतं. नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसू लागली तर दोष फाइलींचा नाही. डेटाबेस उतरवताना किंवा चढवताना कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ ठेवला गेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. मूळ डंप (डेटाबेसची उतरवलेली प्रत) हाताशी असेल तर तो योग्य सेट देऊन पुन्हा चढवावा. प्रश्नचिन्हांवरून मूळ अक्षरं परत मिळत नाहीत.

आणि फाइल शाबूत आहे का हे तपासणं सोपं होतं. एसएचए१सम ही कमांड फाइलवर चालवा. उत्तर फाइलच्या नावाशी जुळलं तर ती धड आहे, नाही जुळलं तर कॉपी करताना बिघडली. एफटीपीने अर्ध्यावर तुटलेल्या फाइली याच रीतीने पकडता येतात.

फाइलडिरमध्ये हाताने फाइल टाकायची नाही, नाव बदलायचं नाही, ‘जुन्या’ वाटणाऱ्या फाइली तारखेवरून पुसायच्या नाहीत. तीन वर्षांपूर्वीच्या तारखेची फाइल आज चालू असलेल्या सहा अभ्यासक्रमांत वापरात असू शकते.

एका विशिष्ट फाइलपर्यंत पोहोचणं

समजा शहाद्याच्या एका महाविद्यालयात एका स्वाध्यायातल्या सगळ्या पीडीएफ शोधायच्या आहेत आणि साइट उघडत नाही, फक्त पीएचपीमायॲडमिन (ब्राउझरमधून डेटाबेस बघण्याचं साधन) आणि फाइल मॅनेजर हाताशी आहे. (साइट उघडत असेल तर स्वाध्यायाच्या पानावरून सगळ्या फाइली एकत्र उतरवण्याची सोय आहे. तीच वापरा, डेटाबेसच्या वाटेला जाऊ नका.)

पहिली पायरी: स्वाध्यायाचा जुना दुवा मिळवा. ईमेलमध्ये, व्हॉट्सॲपवर, कुठेतरी सापडतो. त्याच्या शेवटी आयडी बरोबर ४५७ असं काही असतं. हा त्या कृतीचा क्रमांक.

दुसरी पायरी: काँटेक्स्ट टेबल उघडा. काँटेक्स्टलेव्हल ७० आणि इन्स्टन्सआयडी ४५७ असा शोध घ्या. एकच ओळ येईल. तिचा आयडी टिपून घ्या, समजा २१३०. या पातळ्या ठरलेल्या आहेत: १० संपूर्ण साइट, ३० वापरकर्ता, ४० अभ्यासक्रमांचा वर्ग, ५० अभ्यासक्रम, ७० कृती, ८० ब्लॉक. दुव्यातला ४५७ थेट फाइल्स टेबलात शोधला तर भलतंच काही हाती लागतं. मधली ही पायरी गाळता येत नाही.

तिसरी पायरी: फाइल्स टेबलात काँटेक्स्टआयडी २१३०, कॉम्पोनंट असाइनसबमिशन_फाइल आणि फाइलएरिया सबमिशन_फाइल्स असा शोध. ज्या ओळींत फाइलनेमच्या जागी नुसता ठिपका आणि आकार शून्य आहे त्या सोडून द्या. त्या फोल्डरच्या नोंदी असतात, फाइली नाहीत.

चौथी पायरी: उरलेल्या प्रत्येक ओळीतून कंटेंटहॅश आणि फाइलनेम घ्या. यूजरआयडी यूजर टेबलात बघितला की विद्यार्थ्याचं नाव मिळतं. कंटेंटहॅशची पहिली दोन अक्षरं, पुढची दोन अक्षरं या वाटेने फाइलडिरमध्ये जा, फाइल उतरवा आणि तिचं मूळ नाव तिला परत द्या.

शेजारीच पाथनेमहॅश नावाचा दुसरा ४० अक्षरांचा रकाना आहे. घाईत तोच कॉपी होतो आणि मग फाइलडिरमध्ये काहीच सापडत नाही. तो जागेचा ठसा आहे, मजकुराचा नाही.

नोंद आहे पण फाइल नाही, असं झालं तर साइटवर ‘फाइल वाचता येत नाही, ती अस्तित्वात नाही किंवा परवानगीचा प्रश्न आहे’ या अर्थाचा संदेश येतो. आधी परवानग्या बघा. मूडलडेटा आणि त्यातलं सगळं वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याच्या मालकीचं हवं. उबुंटूवर तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. रूट (सर्व्हरचा सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून कॉपी केल्यावर मालकी रूटकडे राहते आणि साइटला स्वतःच्याच फाइली वाचता येत नाहीत. अल्मालिनक्ससारख्या प्रणालीवर मालकी बरोबर असूनही एसइलिनक्स हा सुरक्षेचा जादा पहारा अडवू शकतो.

खोडलेली फाइल परत मिळते का

कृती खोडली असेल तर आधी अभ्यासक्रमातली रिसायकल बिन बघा. सेटिंग बदललं नसेल तर तिथे ७ दिवस ठेव राहते आणि एका क्लिकवर परत येते.

तिथे नसेल तर ट्रॅशडिर. ज्या ठशाची एकही नोंद उरली नाही ती फाइल मूडल तिकडे सरकवतं आणि क्रॉनचं एक काम ठरावीक वेळाने ती पेटी रिकामी करतं. म्हणून पहिलं काम: क्रॉन थांबवा आणि ट्रॅशडिरची प्रत दुसरीकडे काढा. पण कुठली फाइल कोणाची हे कळायला आदल्या दिवसाचा डेटाबेस डंप लागतो. तो नसेल तर प्रत्येक फाइल उघडून ओळखायची वेळ येते.

जागा कुठे जाते

साधा हिशेब आधी करून ठेवा. ६० विद्यार्थी, ५ स्वाध्याय, प्रत्येकी ८ एमबीची स्कॅन केलेली पीडीएफ: एका अभ्यासक्रमाला २४०० एमबी, म्हणजे सुमारे २.४ जीबी. असे १० अभ्यासक्रम असले की २४ जीबी. पण प्रत्यक्ष वापर याच्याही वर जातो, आणि त्याची कारणं फाइल्स टेबलातूनच कळतात. कॉम्पोनंट आणि फाइलएरियानुसार गट करून फाइलसाइजची बेरीज घ्या. एकाच ठशाच्या अनेक नोंदी असतात, त्यामुळे ही बेरीज डिस्कवरच्या आकड्यापेक्षा जास्त येईल. मोठे गट ओळखायला ती पुरते.

असाइनफीडबॅक_एडिटपीडीएफ हा गट बऱ्याचदा वर असतो. शिक्षक पीडीएफवर लाल शेरे मारण्यासाठी तपासणीचं पान उघडतात, तेव्हा मूडल प्रत्येक पानाचं चित्र करून ठेवतं. मोबाइलने फोटो काढून बनवलेली ३० पानांची वही म्हणजे ३० चित्रं. या सोयीचा कोणी उपयोगच करत नसेल तर स्वाध्यायाच्या सेटिंगमध्ये ‘पीडीएफवर टिपणी’ बंद करा.

बॅकअप गटात ऑटोमेटेड आणि कोर्स असे फाइलएरिया दिसतात. अभ्यासक्रमाचा एमबीझेड बॅकअप ही आवळलेली एकच मोठी फाइल असते आणि तिच्यात त्या अभ्यासक्रमाच्या सगळ्या फाइली पुन्हा भरलेल्या असतात. दर वेळी तिचा ठसा नवा, म्हणून एकदाच साठवण्याचा फायदा इथे मिळत नाही. तीन बॅकअप ठेवले तर अभ्यासक्रम चार वेळा साठवल्यासारखा झाला. स्वयंचलित बॅकअपच्या सेटिंगमध्ये संख्या १ ठेवा आणि साठवण ‘ठरावीक फोल्डर’ निवडून फाइलडिरच्या बाहेर न्या.

यूजर कॉम्पोनंटमधला ड्राफ्ट गट फुगला असेल तर क्रॉन बहुधा बंद पडलेलं आहे. संपादकात टाकून तशाच सोडलेल्या तात्पुरत्या फाइली काही दिवसांनी क्रॉन काढून टाकतं. क्रॉन दर मिनिटाला चालावं अशी मूडलची शिफारस आहे. स्वस्त होस्टिंगवर पाच किंवा पंधरा मिनिटांचीच मुभा असते. तेवढं चालेल, पण बंद नको.

तासांचे व्हिडिओ मूडलडेटात चढवू नयेत हे आमचं ठाम मत. ते यूट्यूबवर अनलिस्टेड (दुवा असलेल्यालाच दिसतील असे) ठेवून दुवा द्यावा. पीडीएफ मात्र मूडलमध्येच असाव्यात आणि शक्यतो ५ एमबीच्या आत. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगराळ पाड्यांवरून येणारे विद्यार्थी महाविद्यालयात असताना मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये अभ्यासक्रम उतरवून घेऊ शकतात आणि घरी रेंज नसली तरी वाचू शकतात. फाइली हलक्या असतील तरच हे जमतं.

मोठी फाइल चढत नसेल तर मर्यादा पाच-सहा ठिकाणी बघावी लागते आणि त्यातली सगळ्यात लहान लागू होते: पीएचपीमधलं अपलोड_मॅक्स_फाइलसाइज (मूळ २ एमबी), पोस्ट_मॅक्स_साइज (मूळ ८ एमबी), वेब सर्व्हर एनजिनएक्स असेल तर त्याची १ एमबीची मूळ मर्यादा, मग साइट, अभ्यासक्रम आणि स्वाध्याय यांची सेटिंगं.

सर्व्हर बदलताना

फाइलडिरमधल्या फाइलचं नाव तिच्या मजकुरावरून ठरलेलं असल्याने एकदा कॉपी झालेली फाइल पुढे कधी बदलत नाही. याचा फायदा घ्या. साइट चालू असतानाच आठवडाभर आधी आरसिंकने (फक्त नव्या-बदललेल्या फाइली नेणारी कमांड) फाइलडिर नव्या सर्व्हरवर न्यायला सुरुवात करा. लाइन तुटली, लाइट गेली, तरी पुढच्या वेळी उरलेलंच जातं. प्रत्यक्ष बदलाच्या रात्री फक्त नव्या फाइली राहतात.

त्या रात्रीचा क्रम असा. सीएलआयमधलं मेंटेनन्स ‘एनेबल’ करून साइट बंद करा आणि क्रॉन थांबवा. मायएसक्यूएलडंपने यूटीएफ८एमबी४ सांगून डेटाबेस उतरवा. आरसिंक शेवटचं चालवा; कॅश, लोकलकॅश, टेम्प, सेशन्स, ट्रॅशडिर वगळा. नव्या सर्व्हरवर त्याच आवृत्तीचा कोड आणि तेच प्लगिन ठेवा. बदलीबरोबरच अपग्रेडही उरकून घेण्याचा मोह टाळा; काही बिघडलं तर दोष कोणाचा हे कळत नाही. डंप चढवा, कॉन्फिगमध्ये डेटाबेसचा तपशील आणि डेटारूट बदला, मालकी वेब सर्व्हरला द्या, पर्ज कॅशेस चालवा.

साइटचा पत्ताही बदलत असेल तर जुना पत्ता मजकुरात ठिकठिकाणी उरतो आणि पानांतली चित्रं जुन्या सर्व्हरकडे बोट दाखवतात. त्यासाठी ॲडमिन, टूल, रिप्लेस या वाटेवर शोधून बदलण्याचं साधन आहे. ते चालवण्याआधी डेटाबेसची प्रत हवीच, कारण ते उलटवता येत नाही.

रोजच्या बॅकअपसाठी साइट बंद करणं शक्य नसतं. तेव्हा आधी डेटाबेस, मग फाइलडिर, हाच क्रम ठेवा. डंपनंतर चढलेल्या चार फाइली जास्तीच्या आल्या तर बिघडत नाही. उलट क्रमाने गेलात तर डंपमध्ये अशा नोंदी येतात ज्यांच्या फाइली कॉपीत नाहीत.

मेंटेनन्स ‘डिसेबल’ करण्याआधी तीन गोष्टी तपासा: एखाद्या जुन्या स्वाध्यायातली देवनागरी नावाची पीडीएफ उतरते का, विद्यार्थ्याच्या लॉगिनने नवी फाइल चढते का, आणि क्रॉन नव्या सर्व्हरवर लागलं का. जुन्या सर्व्हरवरचं क्रॉन बंदच ठेवा, नाहीतर विद्यार्थ्यांना एकच ईमेल दोन-दोनदा जात राहतो.